सुट्या भागांचा हिशेब

२८ ऑगस्ट २०२२, रविवार. गणेशचतुर्थी तीन दिवसांवर आली होती. रोह्याला बहिणीकडे बसवायची मूर्ती पेणच्या कारखान्यातून घेऊन मी टेम्पोने निघाले. मूर्ती मागे पेंढ्यात नीट बसवलेली आणि टेम्पोवाला पोरगा इतका जपून चालवत होता की वडखळ ते नागोठणे या टप्प्यात त्याने तिसरा गिअर फारसा टाकलाच नाही. रस्त्यातले खड्डे त्याला पाठ होते. दिवेलागणीला रोह्यात पोहोचलो. मूर्ती आत नेऊन झाकून ठेवली, तोवर बहिणीचा मुलगा टीव्हीसमोर जाऊन बसलाही होता. तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. आठवडाभर पंप, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग, आणि रविवारी फॉर्म्युला वनच्या मोटारी.

"मावशी, बस. आज गंमत आहे. काल जो सगळ्यांत वेगात होता, तो आज चौदाव्या जागेवरून सुटणार."

"का? काय केलं त्याने?"

"त्याने काहीच नाही केलं. त्याच्या गाडीचं इंजिन बदललं."

मला मोटारींच्या शर्यतीतले तेव्हा काही कळत नव्हते. तरीही ते उत्तर मनात टोचून राहिले, कारण असेच एक वाक्य मी लहानपणी आमच्या पेणच्या घरात ऐकले होते. माझे वडील ट्रकचालक होते. १९८६ सालच्या पावसाळ्यात रोह्याहून माल घेऊन येताना भिसे खिंडीत त्यांच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला. मालकाने दुरुस्तीचा खर्च तीन महिने त्यांच्या पगारातून कापला. आईने विचारले, "तुम्ही काय केलंत?" बाबा म्हणाले, "मी काही नाही केलं. गिअरबॉक्स गेला."

यंत्राचा भाग जातो आणि शिक्षा माणसाला होते. हे बेल्जियममधल्या स्पा या गावच्या शर्यतीत चालते आणि भिसे खिंडीतही चालते, तर दोन्हींत फरक काय? या एका प्रश्नापायी मी पुढची तीन वर्षे भाच्याच्या मदतीने त्या शर्यतींचे नियम वाचत राहिले. त्यातून जे समजले ते येथे मांडते आहे. मोटारींची आवड नसलेल्या वाचकालाही ते परके वाटू नये, कारण हा विषय शेवटी हिशेबाचा आणि न्यायाचा आहे.

ग्रिड म्हणजे काय

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत अनेक वर्षे दहा संघांच्या मिळून वीस गाड्या धावत आल्या. शर्यत रविवारी असते. आदल्या दिवशी पात्रता फेरी होते, तीत प्रत्येकाने एका फेरीला लावलेला सर्वांत कमी वेळ मोजला जातो आणि त्या क्रमाने रविवारी गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. या उभे राहण्याच्या मांडणीला ग्रिड म्हणतात. डावीकडे एक, उजवीकडे थोडी मागे दुसरी, अशा दोन ओळी असतात. एका जागेपासून पुढची जागा आठ मीटरवर. म्हणजे दहा जागा मागे जाणे म्हणजे अंतराच्या भाषेत फक्त ऐंशी मीटर. ताशी तीनशे किलोमीटरने जाणारी गाडी ऐंशी मीटर एका सेकंदात कापते.

मग एवढा गाजावाजा कशाला? कारण अडचण अंतराची नसते, मध्ये असलेल्या गाड्यांची असते. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीची रस्त्यावरची पकड कमी होते, टायर तापतात, आणि पुढे जायचे तर वळणाआधी उशिरा ब्रेक दाबण्याचा धोका पत्करावा लागतो. मुंबई-गोवा महामार्गावर कंटेनरच्या मागे अडकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मोनॅकोसारख्या शहरातल्या अरुंद रस्त्यांवर तर पुढची गाडी ओलांडणे जवळजवळ अशक्य असते. तेथे शनिवारचा क्रम हाच बहुतेक वेळा रविवारचा निकाल असतो. म्हणून ग्रिडवरची जागा हे या खेळातले चलन आहे आणि दंड त्याच चलनात घेतला जातो.

भाग मोजायला सुरुवात का झाली

एके काळी इंजिने मोजत नसत. १९८०च्या दशकात टर्बो इंजिनांच्या काळात श्रीमंत संघ पात्रता फेरीसाठी वेगळे इंजिन बसवत. ते काही फेऱ्या जीव तोडून धावे आणि मग निकामी होई. शर्यतीसाठी दुसरे लावले जाई. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे इंजिने. छोट्या संघाला ही चढाओढ झेपणारी नव्हती आणि मोठ्यांनाही ती दरवर्षी महाग पडत चालली होती.

२००४मध्ये नियम आला की एका शर्यतीच्या तीन दिवसांत एकच इंजिन वापरायचे. बदलले तर ग्रिडवर दहा जागा मागे. २००५मध्ये तेच इंजिन सलग दोन शर्यतींना पुरवायचे ठरले. त्याच वर्षी आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. २००८मध्ये गिअरबॉक्सची पाळी आली: तो सलग चार शर्यती टिकला पाहिजे, नाहीतर पाच जागा मागे. २००९पासून 'सलग' हा शब्द जाऊन त्याच्या जागी कोटा आला. प्रत्येक चालकाला पूर्ण हंगामासाठी आठ इंजिने. कोणते केव्हा वापरायचे ते संघाने ठरवावे. ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात ज्या तीन भारतीय शर्यती झाल्या, त्या याच आठ इंजिनांच्या काळातल्या.

२०१४ला इंजिनच बदलले आणि कोटा पाचावर आला, पुढच्या वर्षी चारावर, २०१८मध्ये तिनावर. त्या वर्षी एकवीस शर्यती होत्या, म्हणजे एका इंजिनाने सात शर्यती काढायच्या. २०२५च्या हंगामात शर्यती चोवीस आणि इंजिने चार. प्रत्येकी सहा शर्यती. मोनॅको सोडले तर एक शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते. सहा शर्यतींचे झाले १,८३० किलोमीटर, त्यात सराव आणि पात्रता फेरीची धाव मिळवायची. पेण-रोहा हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर धरले, तर बाबांचा ट्रक तेवढे अंतर पंचवीस खेपांच्या आत, जाऊन-येऊन, काढत असे. आणि तो ट्रक लाखाच्या हिशेबात चालत होता. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, ते इंजिन मिनिटाला पंधरा हजार फेरे घेऊ शकतं. आजोबांचा ट्रक तीन हजारही घेत नसेल."

एका इंजिनाचे सहा भाग

२०१४ ते २०२५ या काळातल्या गाडीत 'इंजिन' हा शब्द अपुरा आहे. नियम त्याचे सहा भाग करतो आणि प्रत्येकाचा कोटा वेगळा मोजतो. पहिला, पेट्रोलवर चालणारे मूळ इंजिन: सहा सिलिंडरचे, १.६ लिटरचे. दुसरा टर्बो, जो बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबतो. तिसरे, त्या टर्बोच्या दांड्याला जोडलेले विजेचे यंत्र, जे वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज करते. चौथे, मुख्य दांड्याला जोडलेले तसेच दुसरे यंत्र. ते ब्रेक दाबताना वीज करते आणि वेग घेताना तीच वीज वापरून गाडीला ढकलते. पाचवी, ती वीज साठवणारी बॅटरी. सहावा, या सगळ्यांवर नजर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. २०२५मध्ये पहिल्या चार भागांचा कोटा प्रत्येकी चार होता, बॅटरी आणि नियंत्रकाचा प्रत्येकी दोन. धुराच्या नळ्यांचे संचही असेच मोजले जातात; गिअरबॉक्सही पूर्वी असेच मोजले जात.

मोजणी कशी होते, तर प्रत्येक भागावर नियामक संस्थेचे सील असते. तो भाग बसवलेली गाडी पिट लेनमधून बाहेर पडली की तो 'वापरला' असे धरतात, मग ती एक फेरी मारून परत का येईना. जुना भाग काढून ठेवता येतो आणि पुढे पुन्हा बसवता येतो; त्याला दंड नाही. त्यामुळे संघ शुक्रवारच्या सरावाला थकलेले इंजिन लावतात आणि ताजे रविवारसाठी राखतात. घरात सणासुदीची भांडी वेगळी आणि रोजची वेगळी असतात, तसेच हे. दंड लागतो तो फक्त कोट्याबाहेरचा नवा भाग आत आणला की.

दर असे आहेत. एखाद्या भागाचा कोटा पहिल्यांदा ओलांडला तर दहा जागा मागे. त्याच भागाचा आणखी एक नवा नग आणला तर दर वेळी पाच. गिअरबॉक्सला पूर्वी पाच असत. एकाच शर्यतीत हे सारे मिळून पंधरा जागांच्या वर गेले की बेरीज थांबते आणि गाडी सरळ ग्रिडच्या शेवटी जाते. याहून वेगळी एक शिक्षा आहे. पात्रता फेरी सुरू झाली की गाडी जणू सीलबंद होते. त्यानंतर बिघडलेला भाग परवानगीने बदलता येतो, पण तसाच दुसरा लावला पाहिजे. वेगळ्या जातीचा भाग लावला किंवा गाडीची जुळणी बदलली, तर ग्रिडवर उभेच राहता येत नाही. सगळे निघून गेल्यावर पिट लेनमधून सुटावे लागते.

आता स्पाचे गणित सांगता येईल. २०२२च्या त्या शर्यतीत इंजिन-गिअरबॉक्सच्या बदलांपायी सात चालकांवर दंड होता. वीसातून सात गेले, उरले तेरा. हे तेरा आपापल्या क्रमाने पुढे सरकले आणि पहिल्या तेरा जागा भरल्या. मागे गेलेल्यांचा आपसातला क्रम शनिवारच्या वेळेवरून लागतो. मॅक्स व्हर्स्टॅपेन शनिवारी सर्वांत वेगात होता, म्हणून मागे गेलेल्यांत तो पहिला आणि एकूण चौदावा. बहिणीच्या घरी चहा होईपर्यंत तो एकेकाला मागे टाकत चालला होता. अर्धी शर्यत संपायच्या आत तो सर्वांच्या पुढे होता आणि जिंकला तो सतरा सेकंदांहून जास्त फरकाने. बहीण म्हणाली, "मग शिक्षा झाली कुणाला?"

शिक्षा की किंमत

बहिणीचा प्रश्न साधा होता, पण या नियमाच्या मुळाशी तोच आहे. शिक्षा टाळायची असते. किंमत परवडली तर मोजायची असते. ग्रिडवरचा दंड दिसतो शिक्षेसारखा, पण संघ त्याच्याकडे किंमत म्हणून पाहतात.

त्याचा पहिला हास्यास्पद अनुभव २०१५मध्ये आला. होंडाचे इंजिन तेव्हा नवे होते आणि सारखे बिघडत होते. स्पाच्या शर्यतीत मॅक्लारेन संघाच्या जेन्सन बटनला ५० आणि फर्नांडो अलोन्सोला ५५ जागांचा दंड झाला. दोघांचे मिळून १०५, आणि रस्त्यावर गाड्या वीस! शेवटच्या जागेच्या मागे जागा नसते, त्यामुळे उरलेल्या शिक्षेला अर्थच राहिला नाही. पुढे २०१८मध्ये पंधराच्या वर गेलात की शेवटी, असा सुटसुटीत नियम झाला तो या अनुभवातून.

पण शेवटच्याच्या मागे जागा नसते हे हुशार लोकांच्याही लक्षात आले. २०१६मध्ये लुईस हॅमिल्टनचा कोटा संपत आला होता. मर्सिडीज संघाने स्पा येथे एकाच शर्यतीत एकामागून एक नवे भाग बसवले, प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढून आणली. दंडाची बेरीज ५५ झाली. हॅमिल्टन २१व्या जागेवरून सुटला आणि तिसरा आला. एकदाच शेवटी जाण्याच्या किमतीत उरलेल्या हंगामासाठी नव्या भागांचा साठा जमला होता. घाऊक खरेदीचा हा मार्ग पुढच्या वर्षापासून बंद झाला: एका शर्यतीत एकाच भागाचे कितीही नग आणा, त्यांतला शेवटचाच पुढे दंडाशिवाय वापरता येईल.

किंमत कुठे मोजायची हेही ठरवता येते. स्पा, इटलीतले मोंझा, ब्राझीलमधले साओ पाउलो येथे पुढची गाडी ओलांडायला वाव असतो. म्हणून दंडाचे बदल बहुधा अशा ठिकाणी होतात, मोनॅकोत कोणी हौसेने करत नाही. २०२१च्या साओ पाउलोत हॅमिल्टन पाच जागांचा दंड घेऊन दहाव्या जागेवरून सुटला आणि जिंकला. २०२४मध्ये तेथेच व्हर्स्टॅपेन पात्रता फेरीत बारावा होता, पाच जागांच्या दंडाने सतरावा झाला आणि पावसात जिंकला. मात्र नेहमीच असे घडत नाही. त्याच वर्षी स्पाला तो पुन्हा सर्वांत वेगात होता, दहा जागा मागे जाऊन अकराव्यावरून सुटला, आणि चौथ्या क्रमांकाच्या पुढे जाऊ शकला नाही.

दंडाची भीती उलटते तेव्हा काय होते, हे २०२१च्या मोनॅकोत दिसले. शार्ल लक्लेर मोनॅकोचाच. घरच्या रस्त्यांवर त्याने पात्रता फेरीत सर्वांत कमी वेळ लावला आणि त्याच फेरीच्या अखेरीस गाडी कठड्यावर आदळली. गिअरबॉक्स बदलला असता तर पाच जागा गेल्या असत्या, आणि मोनॅकोत पाच जागा म्हणजे विजयच गेला. फेरारी संघाने तपासणी केली, गिअरबॉक्स ठीक दिसला, बदलला नाही. रविवारी ग्रिडकडे जातानाच गाडी बिघडली. मोडले होते ते दुसरेच, डाव्या चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याच्या जोडाशी. लक्लेरला शर्यत सुरूच करता आली नाही आणि पहिली जागा रिकामी राहिली.

दोष कोणाचा, भोग कोणाला

आता मूळ प्रश्नाकडे येते. संघाने भाग बनवले, संघाने ते बसवले. मग मागे चालकाने का जावे?

नियमाच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतात. पहिली, पैशाचा दंड श्रीमंताला लागत नाही. २०२१मध्ये संघांच्या खर्चावर मर्यादा आली, पण त्याआधी मोठ्या संघाने दंड भरून दहा इंजिने वापरली असती. ग्रिडवरची जागा मात्र विकत मिळत नाही. पहिल्यालाही दहा जागा आणि पंधराव्यालाही दहा. दुसरी, चालक आणि संघ वेगळे काढता येत नाहीत. चांगल्या इंजिनाचा विजय चालकाच्या नावावर लागतो, तर वाईट इंजिनाचा तोटाही त्याच्याच नावावर लागणार. तिसरी गोष्ट मला बाबांकडून माहीत होती. ते म्हणत, गिअरबॉक्सचं आयुष्य चालवणाऱ्याच्या पायात असतं. क्लच अर्धवट दाबणारा चालक दोन वर्षांत जे मोडतो, ते दुसऱ्याच्या हाताखाली आठ वर्षे टिकते.

पण नियमाच्या विरुद्धचे एक उदाहरण या तिन्ही युक्तिवादांना अडवते. जुलै २०२१, इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची शर्यत. पहिल्याच फेरीत हॅमिल्टनच्या गाडीचा धक्का लागून व्हर्स्टॅपेन भरधाव वेगात कठड्यावर आदळला. पंचांनी हॅमिल्टनला मुख्यतः दोषी धरून दहा सेकंदांची शिक्षा दिली. ती भोगूनही तो शर्यत जिंकला. व्हर्स्टॅपेनच्या इंजिनाला त्या आदळण्यात तडा गेला होता आणि ते पुढे कामाचे राहिले नाही. कोटा तीनचा. रशियातल्या सोची येथे चौथे इंजिन लावावे लागले आणि व्हर्स्टॅपेन शेवटून सुटला. दुसऱ्याच्या चुकीने फुटलेले इंजिनही नियम तुमच्याच खात्यावर मांडतो. त्या दिवशी तो दुसरा आला ही गोष्ट वेगळी. नियमाला त्याचे श्रेय नाही.

अपवाद का केला नाही, याचे उत्तर भाच्याने त्याच्या कारखान्याच्या भाषेत दिले. "एकदा 'आमची चूक नव्हती' हे कारण मान्य केलं, की प्रत्येक भाग दुसऱ्याच्याच चुकीने मोडायला लागतो." हे खरे आहे. नियम दोष शोधतच नाही. तो फक्त नग मोजतो. त्यामुळे तो कधी कधी निर्दय होतो, पण कोणाच्या बाजूचा होत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या शर्यतीशी याची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. अलिबाग-मुरुडच्या पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४च्या निकालाने त्या थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्याखालचे नियम सांगतात की धाव हजार मीटरपेक्षा जास्त नको, चाबूक-काठी नको, आणि बैल धावण्यास योग्य असल्याचे पशुवैद्याचे प्रमाणपत्र हवे. तेथे जोर देणारा 'भाग' जिवंत आहे, त्याचा कोटा ठरवता येत नाही. म्हणून मोजणी धावेनंतर होत नाही, धावेआधी तपासणी होते. आणि बैलाला त्रास झाला तर जबाब माणसाला द्यावा लागतो. यंत्राच्या शर्यतीत भाग जपण्यासाठी माणसाला मागे पाठवतात, बैलांच्या शर्यतीत बैल जपण्यासाठी माणसाला कायद्यापुढे उभे करतात. दोन्हीकडे भार माणसावरच आहे. मग भिसे खिंडीतली शिक्षाच मला एवढी का खुपावी?

बाबांची वही

त्याचे उत्तर मला घरातच मिळाले. गेल्या वर्षी पेणचे घर रंगवायला काढले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत बाबांची एक लांबट वही सापडली. तीत त्यांनी ट्रकचा हिशेब ठेवला होता: तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल बदलले, ब्रेक लायनर बदलले, टायर फिरवले. अक्षर किरटे, पण एकही खेप सुटलेली नाही. १९८६च्या जूनमध्ये एक ओळ आहे: "गिअर अडकतो. मालकांना सांगितले." तीन आठवड्यांनी पुन्हा: "तिसरा गिअर सुटतो. मालकांना सांगितले. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले." त्यानंतर अकरा दिवसांनी भिसे खिंड.

ती वही मी रोह्याला नेली आणि भाच्यापुढे ठेवली. त्याने ती देखभाल विभागातल्या माणसाने लॉगबुक वाचावे तशी वाचली, बोटाने तारखा जुळवत. मग त्याने मला त्याच्या मोबाइलवर एक तक्ता दाखवला. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक शर्यतीच्या आधी नियामक संस्था असा तक्ता जाहीर करते: कोणत्या चालकाने कोणता भाग कितवा वापरला आहे. संघ तो पाहतात, चालक पाहतो, प्रतिस्पर्धी पाहतात, आणि रोह्यातला एक मुलगाही पाहतो. हंगाम सुरू होण्याआधी सर्वांना ठाऊक असते की किती भाग मिळणार आणि पुढच्या भागाला किती जागा जाणार. जागा जातात तेव्हा चालकाच्या बरोबरीने संघाचेही गुण जातात, त्यांचेही पैसे बुडतात. आणि शिक्षा एका रविवारपुरती असते. पुढच्या शर्यतीत चालक पुन्हा आपल्या वेगाच्या जागी उभा राहतो.

बाबांच्या बाबतीत यांतले काहीच नव्हते. गिअरबॉक्स किती चालावा हे कोणी आधी ठरवले नव्हते. मोडला तर काय होणार हे कुठे लिहिलेले नव्हते. मालकाचे काही गेले नाही. दुरुस्ती पुढे ढकलण्याचा निर्णय त्याचा होता आणि तीन महिन्यांचा पगार दुसऱ्याचा. यंत्रापायी माणसाला सोसावे लागले एवढ्यावरून मी त्याला अन्याय म्हणत नाही. तसे सोसणे तर व्हर्स्टॅपेनच्याही वाट्याला आले. हिशेब एकानेच ठेवला होता आणि दुसऱ्याने तो कधी पाहिलाच नाही, अन्याय तेथे झाला.

२०२६पासून फॉर्म्युला वनच्या इंजिनांचे नियम पुन्हा बदलले आहेत. टर्बोच्या दांड्यावरचे ते वीज करणारे यंत्र गेले, विजेचा वाटा वाढला. भाग बदलले, पण मोजणी चालूच आहे.

"आजोबांनी ही वही मालकाला का नाही दाखवली?" भाच्याने विचारले.

मला ठाऊक होते. आईनेही तेव्हा हेच विचारले होते. बाबा म्हणाले होते, "त्याने मागितली नाही."

भाच्याने वही मिटली नाही. शेवटच्या लिहिलेल्या पानापुढची कोरी पाने उलटून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, ही माझ्याकडे राहू दे. आमच्याकडे नवीन पोरं लागतात ना कामाला, त्यांना दाखवीन."

मी ती त्याच्याकडेच ठेवून आले.